उत्तराची ओळ

या, अशा जवळ सरका. ते दार घट्ट ओढून घ्या, वारा फटीतूनसुद्धा आत शिरतो, आणि ही घोंगडी दोघींत मिळून घ्या. आज तुम्हाला एका प्रवचनाची गोष्ट सांगते. चर्चमध्ये झालेल्या नव्हे. डोंगरावर, धुक्यात, बर्फात उभं राहून गायलेल्या प्रवचनाची. ते प्रवचन एकाच जिवासाठी होतं, आणि त्या जिवाला ते ऐकू गेलं नसतं तर आज मी अशी चहा पीत बसले नसते.

आमच्या मिशनच्या शाळेत न्ताते सेक्वाला गणित शिकवत, आणि रविवारी प्रवचन करत. शाळेतली पोरं काय, गावातली माणसं काय, सगळे त्यांना नुसतं न्ताते म्हणत. न्ताते म्हणजे बाप; आमच्यात मोठ्या पुरुषाला तसंच म्हणतात, पण हे साऱ्यांना खरोखर बापाच्या जागी होते. त्यांचं प्रवचन साध्या बोलण्यातून सुरू व्हायचं आणि गाण्यात कधी शिरायचं ते कळायचं नाही. ते एक ओळ टाकायचे, आम्ही उत्तराची ओळ द्यायचो. आमच्यात पुढच्यानं टाकलेली ओळ कोणी खाली पडू देत नाही. मागच्या बाकावर बाळ पाजणारी बाई असो की बाहेर घोडा बांधणारा म्हातारा असो, जिथं असेल तिथून उत्तर देणारच. ते ठरवून होत नाही. श्वासासारखं होतं.

त्या वर्षी त्यांनी हरवलेल्या मेंढराचं प्रवचन धरलं होतं. मेंढपाळ डोंगरभर हिंडतोय, आणि न्ताते त्याच्या तोंडून गातायत, "कुठं आहेस गं, माझ्या लेकरा? कुठं आहेस?" आणि आम्ही सारे मेंढरू होऊन म्हणायचो, "इथं आहे, धनी, इथं आहे." मी कितीदा ऐकलं, तरी डोळे भरायचेच.

तर जुलै महिना होता, आमच्याकडचा ऐन हिवाळा. शाळेनं मुलांना बर्फावर घसरायला न्यायचं ठरवलं. मी वसतिगृह सांभाळते, मुलींबरोबर कोणी बाई हवी, म्हणून मीही निघाले. बुथा-बुथे गाव मागं पडलं, बस घाट चढायला लागली, आणि पोरांनी न्तातेंना गळ घातली. न्ताते बसच्या मधल्या वाटेत उभे राहिले, एक हात वरच्या दांडीला, अंगावर ती त्यांची तपकिरी घोंगडी, आणि त्यांनी ओळ टाकली. अख्ख्या बसनं उत्तर दिलं. त्या उत्तरात एक शिट्टी होती. अगदी सुरात, सगळ्यांच्या वर, घारीसारखी तरंगणारी.

न्ताते थांबले. "कोण ते? बसमध्ये गुरं भरलीत का आपण?"

पोरं खिदळली. सगळ्यांनी माना वळवून न्याकाल्लोकडं पाहिलं. तेरा वर्षांची, काटकुळी पोर. लहानपणी घशाचं दुखणं झालं, तेव्हापासून तिचा आवाज वाळक्या पानासारखा. दोन बाकांपलीकडं ऐकू जायचा नाही. घरात भाऊ नाही, म्हणून मेंढ्या तिनंच राखल्या, आणि शिट्टी तिथंच शिकली.

"मी होते, न्ताते," ती म्हणाली. शेजारच्या पुसेलेत्सोनं ते मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कुठं ते पुढं पोचलं.

"मुलीची जात आणि शिट्टी? आणि तीही देवाच्या गाण्यात?"

"माझा आवाज वर जात नाही, न्ताते. शिट्टी जाते."

"देवाला कुजबुज पण ऐकू येते. पुन्हा वाजवू नकोस. कळलं?"

रागावले नव्हते ते. हसतहसतच म्हणाले. पण पोर खिडकीकडं तोंड करून बसली, आणि पुढची सगळी वाट तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

वर पोचलो तर पोरं नाचायलाच लागली. तो उतार एरवी कसा असतो? तपकिरी गवतात अंथरलेली एक पांढरी पट्टी. बर्फ यंत्रानं फवारलेला, पट्टी संपली की गवत. घसरत कोणी गवतात गेलंच तर आपोआप थांबतं. म्हणून तिथं कोणी हरवत नाही. पण आदल्या रात्री आभाळातून खरा बर्फ पडला होता. डोंगर, दगड, गवत, दरीचा काठ, सगळं एकसारखं पांढरं. उताराच्या कडा फक्त चार खांबांवरून ओळखायच्या. आम्ही मात्र म्हणत होतो, देवानं पोरांसाठी केवढी मोठी चादर पसरली!

शिकवायला लिकोत्सी होता, जवळच्याच गावचा तरणा पोरगा, कानात बाळी, तोंड अखंड चालू. यंत्रावर फिरणाऱ्या दोरीला धरून वर जायचं आणि पायांना पट्ट्या किंवा फळी बांधून खाली यायचं, असा तो खेळ. न्ताते दोरीपाशी गेले.

"न्ताते, घोंगडी काढा. दोरीत अडकेल."

"ही माझ्या सासऱ्यांनी दिलीय. तुझी दोरी काढ."

"मग तुम्ही खाली बसा आणि आमच्यासाठी प्रार्थना करा."

"तुझ्यासाठी जास्त करतो. रविवारी दिसत नाहीस कुठं."

"मी चर्चमध्ये लग्नालाच जातो, न्ताते. तेही जेवणापुरता."

सगळे हसले. न्ताते पण हसले. ते आणि मी खाली चहाच्या टपरीपाशी बसलो, मी माक्वेन्याचा, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचा, डबा उघडला, आणि पोरं एकमेकांना टोमणे मारत पडत होती, उठत होती. दोन पट्ट्यावाले फळीवाल्यांना म्हणत, "इस्त्रीच्या फळीवर उभं राहून कुठं जाता रे?" फळीवाले म्हणत, "तुम्ही बगळे." न्याकाल्लोनं फळी घेतली होती. ती पडत नव्हती. मेंढ्यांमागं दगडांवरून पळलेले पाय ते.

दुपार कलली आणि लिकोत्सी ओरडला, "शेवटची फेरी!" पोरं दोरीला धरून वर गेली. आणि तेवढ्यात डोंगराच्या माथ्यावरून ढग उतरला. हळूहळू नव्हे, उकळतं दूध उतू जावं तसा. आधी माथा गेला, मग खांब गेले, मग पोरं गेली. पांढऱ्यावर पांढरं. लिकोत्सीनं दोरी बंद केली. एकेक पोर धुक्यातून बाहेर घसरत आलं, हसत, किंचाळत. सगळ्यांत शेवटी पुसेलेत्सो आली, बुडावर घसरत, रडवेली.

"न्याकाल्लो खाली आली ना?" तिनं विचारलं.

आली नव्हती.

"ती माझ्या मागं होती. मी मध्येच पडले, तर मला चुकवायला ती डावीकडं वळली. मी उठले तर नव्हती. वाटलं, पुढं गेली."

डावीकडं, हे ऐकल्याबरोबर लिकोत्सीचं तोंड बंद झालं. दिवसभरात पहिल्यांदा. डावीकडं खांब संपले की डोंगराचा खांदा, आणि खांद्यापलीकडं दरी. दरीला कुंपण नाही, कठडा नाही. उन्हाळ्यात तिथून ओढा कोसळतो, हिवाळ्यात त्याचा काचेसारखा खांब होऊन लटकतो.

तो आपलं बर्फावरचं वाहन घेऊन वर गेला. आम्ही सगळे खांबांच्या रेषेत उभे राहून हाका मारायला लागलो. "न्याकाल्लोऽऽ! न्याकाल्लोऽऽ!" पोरं, मी, न्ताते, बस चालवणारे न्ताते मोखेले, टपरीवाली बाई, सगळे. हाक मारून थांबायचं, कान द्यायचे. वारा. दूर लिकोत्सीच्या इंजिनाची घरघर. आणि लांबवर डोंगरात एक मेंढक्याची शिट्टी. पुन्हा हाका.

लिकोत्सी परतला. भुवया पांढऱ्या झालेल्या. "फळीची रेघ दिसली, मग वाऱ्यानं बुजली. खांद्यापलीकडं मशीन नेता येत नाही. काठ कुठं आहे तेच दिसत नाही." उजेड पिवळा पडत चालला होता. तिच्या अंगावर तिथल्याच लोकांनी भाड्यानं दिलेलं पातळ जाकीट होतं. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत अंधार पडला तर काय होतं, ते आमच्याकडं पोरांनाही सांगावं लागत नाही. मी पुसेलेत्सोला घोंगडीत घेतलं तर तिचे दात वाजत होते, आणि ते थंडीनं नव्हते.

"अजून जोरात!" न्ताते म्हणाले. आम्ही ओरडलो. घसे फाटले. मध्येच ती शिट्टी आली, मघापेक्षा थोडी लांबून.

न्ताते मोखेलेंनी हातावर फुंकर मारली. "या मेंढक्यांना घर आहे की नाही? एवढ्या बर्फात मेंढ्या घेऊन..."

न्ताते सेक्वालांनी त्यांचा दंड धरला. "काय म्हणालास?"

"मेंढके म्हटलं. शिट्टी..."

"कुठले मेंढके, मोखेले? जुलै चालू आहे. तुझ्या मेंढ्या कुठं आहेत?"

"गोठ्यात."

"माझ्या भावाच्याही गोठ्यात आहेत. साऱ्या डोंगराच्या मेंढ्या पहिल्या थंडीलाच खाली आल्या. मग वर शिट्टी कोणासाठी वाजवतायत?"

आम्ही सगळे तिथंच थिजलो. आमचा जन्म त्या शिट्ट्या ऐकण्यात गेलाय. ती कानावर पडते आणि मनात शिरत नाही, जसा घरातल्या कोंबड्याचा आवाज. मुलीची हाक ऐकायला आम्ही कान टवकारले होते, आणि ती मघापासून हाक मारत होती.

पुसेलेत्सो घोंगडीतून बाहेर आली. "ती न्याकाल्लोच आहे. मला वाटलं होतं तसं. पण न्ताते, तुम्ही तिला वाजवू नको म्हणाला होता. मी सांगितलं असतं तर तुम्ही तिला..." पुढं तिला बोलवेना.

न्तातेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

"हाक मारू या!" पोरं म्हणाली, "न्याकाऽ..."

"गप्प!" न्ताते एवढ्या जोरात कधी ओरडले नव्हते. "कोणी आवाज करायचा नाही. ऐका." त्यांनी स्वतः एकच हाक मारली, "हेऽऽ!" आणि बोट वर केलं. हाक गेली. आणि डावीकडून, दरीपलीकडच्या कड्यावरून, तशीच्या तशी परत आली, "हेऽऽ!" आमच्या हाकेपेक्षा स्पष्ट.

लिकोत्सीला कळलं. "ती त्या आवाजाकडं चाललीय. आपण तिला बोलावतोय, आणि ती कड्याकडं चाललीय."

म्हणून शिट्टी दर वेळी लांबून येत होती. आम्ही जितक्या जीव तोडून हाका मारल्या, तितकी ती दरीच्या जवळ गेली होती.

आता हाक मारायची नाही. पण गप्प राहिलो तरी ती चालणारच, अंदाजानं, अंधार पडायच्या आत. तिला थांब म्हणून सांगायचं कसं? ओरडून शब्द कळत नाही, धुकं शब्दाचा नुसता गोळा करून टाकतं. आणि तिची शिट्टी पुन्हा आली. अजून लांब. अजून खाली.

न्ताते सेक्वालांनी डोक्यावरची टोपी काढली, जशी प्रवचनाच्या आधी काढतात. बर्फ त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडायला लागला.

"पोरांनो, ऐका. मी आता ओळ टाकणार आहे. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. एकानंही नाही. कितीही आतून आलं तरी नाही. उत्तर एकटीचं आहे."

आणि ते गायला लागले. त्यांची नेहमीचीच चाल, पण इतकी संथ, की एकेका अक्षरावर श्वास पुरवून पुरवून. शब्द त्यांनी तिथंच बांधले.

"उभी राहाऽ, माझ्या लेकीऽ, जागची हलू नकोऽ. मेंढपाळ निघालाय, तू नुसती उभी राहाऽ. कुठं आहेस गंऽ, माझ्या लेकराऽ? कुठं आहेसऽ?"

ओळ गेली. तिच्यामागं उत्तराची जागा रिकामी राहिली. तुम्हाला कसं सांगू, ती जागा रिकामी ठेवणं किती कठीण होतं! सगळ्या पोरांची तोंडं उघडी होती. एक मोठा मुलगा आपल्याच बाहीत दात रोवून उभा होता. मी घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं. आयुष्यात पहिल्यांदाच टाकलेली ओळ आम्ही हवेत तशीच सोडून दिली.

वारा. नुसता वारा.

मग धुक्यातून, डावीकडून, शिट्टी आली. मेंढ्यांना बोलवायची नव्हे. उत्तराची ओळ. "इथं आहे, धनी, इथं आहे," शब्द नाहीत, पण सूर अगदी तोच.

न्तातेंनी पुन्हा ओळ टाकली. पुन्हा उत्तर आलं. त्याच जागेवरून.

"थांबली," लिकोत्सी पुटपुटला. "थांबली ती!" त्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक न्ताते मोखेलेंच्या हातात दिलं. "मशीन नको, आवाज होतो. न्ताते, तुम्ही गाणं थांबवू नका. तिची शिट्टी ऐकत ऐकत जातो मी. ती गप्प झाली तर मला दिशा नाही." आणि हातातली काठी बर्फात खुपसत, पुढं जमीन आहे की नाही ते चाचपत, तो धुक्यात गेला. काही पावलांतच दिसेनासा झाला. मोखेलेंच्या हातातला दोर तेवढा सरकत होता.

न्ताते गात राहिले. तोंड उघडं, घशात बर्फाचा वारा सरळ शिरत होता. ओळ, मग उत्तर. ओळ, मग उत्तर. मी त्यांच्या खांद्यावर माझी घोंगडी टाकायला गेले, त्यांनी हातानंच नको म्हटलं. छाती भरायला जागा हवी होती त्यांना. त्यांचा आवाज तुम्ही ऐकला नाही. मधासारखा होता तो. पण हळूहळू त्याला कडा फुटायला लागल्या. वरचा स्वर चिरला. त्यांनी सूर खाली घेतला आणि तसंच पुढं चालू ठेवलं.

आणि तिकडं शिट्टीही बारीक होत चालली. गारठलेल्या ओठांनी शिट्टी वाजत नाही, तुम्ही करून पाहा. आधी सूर फाटला, मग अर्धीच ओळ यायला लागली, मग नुसती फुंकर. दोर सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

न्तातेंनी ओळ टाकली. उत्तर आलं नाही.

दोरही थांबला.

पुन्हा टाकली. "कुठं आहेस गंऽ..." आवाज मध्येच तुटला, त्यांनी खोकून तो पुन्हा जोडला. उत्तर नाही. पुसेलेत्सो बर्फात गुडघे टेकून बसली होती. एकेक करून सगळीच पोरं गुडघ्यांवर आली, कोणी सांगितलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, देवा, तू मेंढपाळ आहेस म्हणतात, आता नुसतं म्हणवून घेऊ नकोस.

तिसऱ्यांदा न्तातेंच्या घशातून आलं ते गाणं नव्हतंच. लाकूड घासल्यासारखा आवाज. तरी त्यांनी ती ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत नेली.

आणि उत्तर आलं.

शिट्टी नव्हे. पुरुषाचा आवाज, जाडाभरडा, बेसूर, धुक्याच्या पार पलीकडून. "इथं आहेऽ, धनीऽ! इथं आहेऽ!"

लग्नाच्या जेवणापुरता चर्चमध्ये जाणारा पोरगा. त्याला ती ओळ अगदी पाठ होती.

मग मात्र पोरांना कोण अडवणार? सगळ्या उतारानं उत्तर दिलं. समोरच्या कड्यानंही दिलं, आणि त्या वेळी तो कडासुद्धा आमच्यातलाच वाटला.

लिकोत्सीनं तिला पाठुंगळी आणलं. फळी काढून तिनं बर्फात उभी रोवली होती आणि तिला मिठी मारून उभी राहिली होती, थांब म्हटल्यावर जशी थांबली तशीच. पुढं जमीन किती उरली होती, ते लिकोत्सी आजवर कोणाला सांगत नाही. विचारलं की चहा मागतो. टपरीत आम्ही तिला चुलीपासून थोडं लांबच ठेवलं, बोटं आमच्या काखेत धरून ऊब दिली, कोमट चहा घोटाघोटानं पाजला. दोन बोटांची टोकं नंतर काळी पडून गळाली. बाकी पोर अख्खी राहिली.

तिला बोलता यायला लागलं तसं तिनं पहिल्यांदा न्तातेंकडं पाहिलं. "न्ताते, मी वाजवली," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हटलं होतं."

न्ताते तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. त्यांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग त्यांनी आपली घोंगडी काढली, सासऱ्यांची ती, लिकोत्सीनं सांगूनही न काढलेली, आणि तिच्या खांद्यांभोवती गुंडाळून छातीपाशी पिन लावली. तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

तो आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी औषधं दिली, म्हाताऱ्या बायांनी पाले दिले, देवानं जे द्यायचं ते दिलंच होतं. न्ताते आता कुजबुजल्यासारखंच बोलतात. तरी रविवारी ते उभे राहतात, टोपी काढतात आणि ओळ टाकतात. पहिल्या बाकाच्या पुढं ती कोणाला ऐकू जात नाही. मग पहिल्या बाकावरून न्याकाल्लो ती उचलते आणि शिट्टीवर मागं पाठवते, आणि आम्ही सारे उत्तर देतो. नवा पाद्री पहिल्या रविवारी दचकला होता. त्याला मीच बाहेर नेऊन ही गोष्ट सांगितली, जशी आता तुम्हाला सांगितली.

लिकोत्सी मागं दाराशी उभा असतो. आत बसत नाही अजून.

झालं. चहा गार झाला बघा. आता एकच करा. आज निजण्याआधी हात जोडाल, तेव्हा तुमच्या माणसांची नावं घेऊन झाली की आमच्या न्ताते सेक्वालांचंही एक नाव घ्या. मोठ्यानं घ्या. त्यांना आता मोठ्यानं घेता येत नाही.